आरएक्सची अकरा अश्वशक्ती गेली कुठे? (लेखमाला ‘चाकं आणि कायदे’, भाग 6)

मागच्या भागात आपण डेट्रॉईटच्या दांडग्या गाड्यांच्या ताकदीची घसरण पाहिली. कॅडिलॅक एल्डोराडोचं 8.2 लिटरचं इंजिन 1970 मध्ये 400 अश्वशक्तीचं म्हणून विकलं जायचं, 1976 मध्ये त्याच इंजिनावर 190 चा आकडा आला. त्यातली काही घट कागदावरची होती, कारण 1972 पासून तिथे ताकद मोजण्याची रीतच बदलली. बाकीची मात्र खरी. 1970 चा स्वच्छ हवा कायदा आला, इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरलं आणि 1975 पासून धुराच्या वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसले.

तोच प्रश्न आज आपल्या रस्त्यावर आणू. मोताळ्याकडून राजूर घाट चढून बुलढाण्याला येताना, मागे माणूस बसलेला असताना, कुठली मोटारसायकल गिअर न पाडता वर यायची? पन्नाशीच्या आसपासच्या कुणालाही विचारा. बहुतेक जण यामाहा आरएक्स 100 चंच नाव घेतील.

ही गाडी 1985 मध्ये आली आणि 1996 मध्ये बंद झाली. इंजिन 98 सीसीचं, ताकद 11 अश्वशक्ती, वजन जेमतेम शंभर किलो. 1985 मध्येच आलेल्या हिरो होंडा सीडी 100 चं इंजिन जवळपास तेवढंच, पण ताकद सात-साडेसात. हा फरक येतो कुठून, हे नीट समजून घेतलं की कायद्याने नेमकं काय केलं तेही कळतं.

फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या चार फेऱ्यांत एकदा ठिणगी पडते, टू-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा. म्हणजे तेवढ्याच वेळात दुप्पट स्फोट. त्याची किंमत अशी की धूर बाहेर काढायला वेगळी फेरीच उरत नाही. पिस्टन खाली येताना आधी धुराचं भोक उघडतं, लगेच ताज्या पेट्रोल-हवेचं भोक उघडतं, आणि काही क्षण दोन्ही एकदम उघडी असतात. आत येणारं ताजं मिश्रण जळलेला धूर ढकलत बाहेर काढतं. रांजणातलं गढूळ पाणी नवं पाणी ओतून बाहेर लोटावं, तसं हे काम आहे. गढुळाबरोबर चांगलंही वाहून जातंच. अशा इंजिनात टाकीतल्या पेट्रोलचा मोठा हिस्सा न जळताच सायलेन्सरमधून निघून जायचा. जोडीला पेट्रोलसोबत जळणारं ऑइल. निळसर धूर दिसायचा तो या ऑइलचा.

त्या पोटफुग्या सायलेन्सरचं कामही केवळ आवाज दाबण्याचं नव्हतं. धुराच्या दाबाची लाट त्याच्या निमुळत्या टोकाला आपटून परत येते आणि निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबते. पण ही लाट इंजिनाच्या ठरावीक वेगालाच वेळेवर पोचते. आरएक्स एका टप्प्यानंतर एकदम खेचायची, ती या गणितामुळे. त्या टप्प्याखाली, म्हणजे बाजारातून हळू जाताना, सगळी गळती हवेत.

आणि आपल्याकडच्या कायद्याने मोजमाप घेतलं ते या हळू चालीवरच. दुचाकींसाठी 1996 पासून दर किलोमीटरला कार्बन मोनॉक्साइड 4.5 ग्रॅम आणि हायड्रोकार्बन व नायट्रोजनचे ऑक्साइड मिळून 3.6 ग्रॅम अशी मर्यादा आली. 2000 मध्ये दोन्ही आकडे 2 वर आले, 2005 मध्ये दीडवर, 2010 मध्ये 1 वर. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत रोलरवर गाडी चालवून हा धूर तपासतात. त्या काळच्या भारतीय चालनचक्रात 108 सेकंदांची फेरी सहा वेळा व्हायची आणि कमाल वेग होता ताशी फक्त 42 किलोमीटर. आरएक्सची खरी ताकद जिथे सुरू व्हायची, तिथवर ही चाचणी पोचतच नव्हती. तरीही ही पद्धत मला अन्यायाची वाटत नाही. आपल्या गावांतल्या, बसस्टँडपुढच्या गाड्या त्याच वेगाने चालायच्या आणि तो धूर तिथल्याच माणसांच्या छातीत जायचा.

न जळलेलं पेट्रोल म्हणजेच हायड्रोकार्बन, त्यामुळे टू-स्ट्रोकची गळती थेट मीटरवर उमटली. उपाय होते: मिश्रणातलं पेट्रोल कमी करणं, भोकांच्या उंची बदलणं, सायलेन्सरमध्ये कन्व्हर्टर बसवणं. प्रत्येक उपायाने इंजिनाच्या वरच्या वेगातली ओढ थोडी थोडी खाल्ली. आरएक्स 100 नंतर आलेल्या आरएक्सजी आणि आरएक्स 135 मध्ये इंजिन 132 सीसीचं, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढलं. ताकद मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. बजाजच्या चेतकलाही शेवटी फोर-स्ट्रोक इंजिन बसलं, आणि 2005 च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं.

म्हणून ‘कायद्याने ताकद मारली’ हे वाक्य मला अपुरं वाटतं. एक हिशेब करून पाहू. आरएक्सची ताकद एक लिटर क्षमतेला मोजली तर सुमारे 112 अश्वशक्ती येते. चाकणला बनणाऱ्या केटीएम 390 ड्यूकचं 373 सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन 2020 चे बीएस-6 धुराचे नियम पाळून 43.5 अश्वशक्ती द्यायचं. लिटरला सुमारे 116. फ्युएल इंजेक्शन, चार व्हॉल्व्ह आणि पाण्याने थंड होणारं सिलिंडर यांच्या जोरावर स्वच्छ इंजिनानेही ती पातळी गाठली.

गाठली नाही ती शंभर सीसीच्या गाडीने. बीएस-6 मधली स्प्लेंडर 97.2 सीसीतून आठ अश्वशक्तीच देते. इथे कारण कायद्याइतकंच गिऱ्हाइकाचं आहे. मेहकर-चिखलीच्या शेतकऱ्याने लिटरला किती किलोमीटर हे आधी विचारलं, घाटातली ओढ नंतर. महागडं तंत्र त्या किमतीत बसणारही नव्हतं.

एमएच-28 पाटीच्या जुन्या आरएक्स ज्यांनी जपल्या आहेत, त्यांच्यासाठी एक माहिती. पीयूसीच्या नियमात 2000 पूर्वीच्या दुचाकीला, टू-स्ट्रोक असो वा फोर-स्ट्रोक, न जळलेल्या पेट्रोलची मुभा 9000 पीपीएम आहे. एवढी सूट असूनही गाडी नापास होत असेल, तर आधी सायलेन्सरमधला कार्बन, रिंगा आणि ऑइल पंपाची सेटिंग पाहा. आवाजासाठी सायलेन्सर पोकळ करू नका. ती परतणारी लाटच निघून जाते आणि ज्या ओढीसाठी गाडी जपली ती कमी होते.

पुढच्या आठवड्यात: कार्बोरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं तेव्हा गावच्या गॅरेजात काय बदललं.