डिशवॉशर गळतो म्हणजे संपला?

डिशवॉशरखाली पाण्याचं थारोळं दिसलं की घरात दोन निकाल लगेच लागतात. एक म्हणजे ‘आठ वर्षं झाली, आता नवाच घ्या’ आणि दुसरा, ‘दाराचं रबर गेलंय, बदलून टाका’. दोन्ही तपासाआधीच लागलेले असतात. थारोळं केवढं आहे आणि यंत्र किती जुनं आहे, याला फारसं महत्त्व नाही. पाणी कोणत्या भागातून सुटतंय हे कळल्याशिवाय दुरुस्ती की बदल, हा प्रश्नच नीट मांडता येत नाही.

रबराचंच घ्या. डिशवॉशर आतून पाण्याने काठोकाठ भरतो, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात आजची बरीच यंत्रं एका पूर्ण धुण्यात साधारण 9 ते 12 लिटर पाणी वापरतात आणि तेही टप्प्याटप्प्याने. एका वेळी तळाशी जेमतेम तीन-चार लिटर असतं, तेच पंप फवाऱ्यांतून पुन्हापुन्हा फेकतो. म्हणजे दारामागे पाणी साठून उभं राहत नाही, दारावर उडतात ते शिंतोडे. फवाऱ्याच्या पात्याला चीर गेली, एखादी परात आडवी लागून धार दाराकडे वळली किंवा यंत्र पुढे झुकलेलं असलं, तर नव्या रबराखालूनही पाणी येईल. सगळ्यांत फसवा प्रकार फेसाचा. गोळ्या संपल्या म्हणून हाताने भांडी घासायचा लिक्विड साबण चमचाभर जरी घातला, तरी फेस दाराच्या फटीतून बाहेर येतो. इथे बिघाड काहीच नसतो. रबरावर साचलेला तेलकट थर आणि बोअरच्या जड पाण्याचे क्षार पुसून काढणं, हीसुद्धा फुकटातली दुरुस्तीच. गळती सिलिकॉनने लिंपून टाकायचा मोह मात्र आवरावा. दाराचं रबर दबून पुन्हा फुलायला हवं, आणि लिंपलं की ते नेमकं तेवढंच करू शकत नाही.

गळती आतल्या पाइपची, सैल क्लॅम्पची किंवा पाणी आत घेणाऱ्या व्हॉल्व्हची असेल, तर पाणी आधी तळाच्या ट्रेमध्ये साठतं. अनेक यंत्रांत तिथला तरंगता तुकडा वर उचलला जातो, यंत्र थांबतं आणि पाणी उपसणारा पंप चालूच राहतो. यंत्र तिरकं करून ट्रे रिकामा केला की ते पुन्हा सुरू होतं आणि ‘आपोआप सुटलं’ असं वाटतं. सुटलेलं काही नसतं, फक्त इशारा पुसला गेलेला असतो. खाली विजेचे भाग असल्याने, असं पाणी दिसल्यावर नळ आणि विजेचं बटण दोन्ही बंद करून मेकॅनिकला बोलवावं.

‘दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीवर गेली तर यंत्र बदला’ हा नियम सोयीचा आहे, पण अपुरा. पाइप कितीही जुन्या यंत्राचा असला तरी बदलावा. उलट स्टीलच्या टाकीला गंजून भोक पडलं असेल किंवा पाणी थेट सर्किट बोर्डवर गेलं असेल, तर तुलनेने नव्या यंत्रातही खर्च वाया जाण्याची भीती असते. काही यंत्रांत पंप आणि हीटर एकत्रच येतात. सील एकाचं गेलं तरी बिल दोन्हींचं.

यावर आक्षेप येतो, की नवं यंत्र वीज वाचवतं, त्यामुळे किंमत वसूल होते. हिशेब करून पाहा. रोज पाव युनिट वाचलं तरी वर्षाला साधारण 90 युनिट होतात. 10 रुपये दराने 900 रुपये. तीस-चाळीस हजारांचं यंत्र या वेगाने वसूल व्हायला तीस वर्षांहून जास्त लागतील. वीजबचत हे चालू यंत्र काढून टाकायचं कारण होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप सुट्या भागांचा, आणि तो जास्त खरा आहे. युरोपीय संघात 2021पासून लागू असलेल्या नियमांनुसार दाराची रबरं, फवाऱ्याची पाती, गाळण्या असे भाग, त्या मॉडेलचं शेवटचं यंत्र बाजारात आल्यानंतर किमान 10 वर्षं मिळत राहिले पाहिजेत. आपल्याकडे मेकॅनिकला भेटीचे पैसे देण्याआधी दाराच्या कडेवरचा मॉडेल नंबर सर्व्हिस सेंटरला सांगून भाग मिळतो का, हे विचारलेलं बरं. गळती तळाच्या भांड्याची निघाली आणि ते भांडं कुठेच मिळेना, तर आठ वर्षांचा काय, चार वर्षांचा डिशवॉशरही बदलावा लागतो.