गीतांवरच्या कथांची देवघेव

१९६९ साली डेव्हिड बोवी ह्या इंग्रज गायकाने ‘स्पेस ऑडिटी’ ह्या गीतातून मेजर टॉम नावाच्या एका अंतराळवीराला पृथ्वीपासून दूर नेले, आणि त्याचे पुढे काय झाले हे न सांगताच गीत संपविले. यान बिघडले की त्यालाच परतावयाचे नव्हते, मागे राहिलेल्या पत्नीला ती वार्ता कोणी व कोणत्या शब्दांत कळविली, ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या पाच मिनिटांत मिळत नाही. आणि उत्तर मिळत नाही म्हणूनच ते गीत ऐकणाऱ्याच्या मनात घर करून राहते. अकरा वर्षांनी बोवीने स्वतःच ‘ॲशेस टू ॲशेस’ मध्ये त्या पात्राचा पुन्हा परामर्श घेतला, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच पीटर शिलिंग ह्या जर्मन गायकाने तोच मेजर टॉम आपल्या गीतात आणून त्याची हकीकत आपल्या परीने सांगितली.

एका गीतातून दुसरी कृती निपजावी, ह्यात नवे काही नाही. १९५२ साली अमेरिकेत हँक थॉम्पसनने आपल्या गीतात घर सोडून गेलेल्या स्त्रीला सर्व दोष दिला, तेव्हा त्याच वर्षी किटी वेल्स हिने त्या स्त्रीची बाजू मांडणारे उत्तरगीत गायिले आणि ते लोकप्रियतेच्या यादीत अग्रस्थानी पोहोचले. अलीकडचे उदाहरण अधिक गंभीर आहे: गुलामांच्या जहाजांवरून समुद्रात फेकल्या गेलेल्या गर्भवती आफ्रिकन स्त्रियांची संतती सागरतळाशी जिवंत राहिली, ही डेट्रॉइटच्या ‘ड्रेक्सिया’ ह्या संगीतकार जोडीची कल्पना, तिच्यावरून ‘क्लिपिंग’ ह्या गायकवृंदाने २०१७ साली ‘द डीप’ हे गीत रचले, आणि त्या गीतावरून रिव्हर्स सॉलोमन यांची त्याच नावाची कादंबरी २०१९ साली प्रसिद्ध झाली.

दुसऱ्याने निर्मिलेली पात्रे आणि दुसऱ्याने रचलेले विश्व घेऊन, द्रव्यलाभाची अपेक्षा न धरता, केवळ त्या कृतीवरील अनुरागापोटी वाचक जे लिहितात त्यास फॅन फिक्शन म्हणतात, हे तरुण वाचकांना सांगावयास नको. परंतु ही मंडळी ठरावीक काळी एकत्र येऊन परस्परांना कथा भेट देतात, आणि त्या भेटींची वाटणी एखाद्या जुन्या संस्थानाच्या दप्तराला शोभेल इतक्या काटेकोरपणे होते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ह्या उपक्रमाला गिफ्ट एक्स्चेंज म्हणतात. त्यात भाग घेणारा प्रत्येक जण एका अर्जात दोन गोष्टी लिहून देतो: आपल्याला कोणत्या कृतींवरची कथा हवी आहे, आणि आपण स्वतः कोणत्या कृतींवर लिहावयास तयार आहोत. अर्जांची मुदत संपली की संयोजक मागण्या आणि तयारी ताडून पाहतो व प्रत्येकाला एका मागणीदाराचे नाव गुप्तपणे कळवितो. ज्याला कथा द्यावयाची त्याच्याकडूनच ती मिळेल असे नसते. एकाने दुसऱ्यासाठी, दुसऱ्याने तिसऱ्यासाठी लिहावे, अशी ती साखळी असते.

ह्या प्रकारातील सर्वांत ख्यातनाम उपक्रम ‘यूलटाइड’ हा २००३ पासून चालू आहे. ज्या कृतींवर फारसे कोणी लिहीत नाही अशाच कृती तेथे स्वीकारल्या जातात, कथा किमान एक हजार शब्दांची असावी लागते, नाताळच्या दिवशी कथा खुल्या होतात आणि लेखकांची नावे १ जानेवारीला प्रकट होतात. २००९ साली सर्वांसाठी खुल्या झालेल्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ ह्या कथाभांडारात अर्ज, जुळणी व वितरण ह्यांची यंत्रणाच करून ठेवलेली आहे. स्वयंसेवकांनी चालविलेल्या ह्या भांडारास २०१९ साली ह्यूगो पारितोषिक मिळाले. हीच पद्धत केवळ गाण्यांना लावणारा विनिमय म्हणजे ‘ज्यूकबॉक्स’. तेथे मूळ कृती एखादे गीत असते, किंवा त्या गीताची चित्रफीत.

आठशे पृष्ठांच्या कादंबरीवर कथा लिहावयाची तर आधी ती कादंबरी वाचली पाहिजे, तिच्यातील वंशावळ, भूगोल आणि कालक्रम ध्यानी ठेवला पाहिजे. गीत मात्र चार मिनिटांत ऐकून होते, आणि एका संध्याकाळी दहा अनोळखी गीते ऐकून त्यांतील पाचांवर लिहिण्याची तयारी कोणीही दर्शवू शकतो. परंतु कादंबरी जे देते त्याच्या शतांशही गीत देत नाही. ‘मी’, ‘तू’ आणि ‘ती’ एवढीच तेथली पात्रे, त्यांना नावे क्वचितच. स्थळ म्हणजे एखादा पूल किंवा एखादे स्वयंपाकघर. लेखकाला ह्यातून जे स्वातंत्र्य मिळते ते मोठे आहे, आणि त्यामुळेच, माझ्या मते, गीतांच्या विनिमयाचे नियम इतर विनिमयांहून सैल असून चालत नाहीत, ते अधिक काळजीपूर्वक घडवावे लागतात. कारण मूळ कृतीत जेथे काहीच लिहिलेले नाही तेथे देणारा आणि घेणारा ह्यांनी भिन्न गोष्टी ऐकलेल्या असण्याचा संभव फार.

पहिली अडचण नामांकनाच्या वेळीच उभी राहते. सहभागी मंडळी आपापली गीते सुचवितात, संयोजक ती तपासून अधिकृत यादी करतो, आणि हे काम कारकुनी दिसत असले तरी त्यात साहित्यिक निर्णय घ्यावे लागतात. ‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’ हे जुने लोकगीत बॉब डिलनने १९६२ साली नाश पावलेल्या स्त्रीच्या तोंडून गायिले, आणि ‘द ॲनिमल्स’ ह्या वृंदाने १९६४ साली पुरुषाच्या. तेव्हा यादीत नुसते गीताचे नाव घातले तर कथेची नायिका हवी की नायक, हेच अनिश्चित राहते. लेनर्ड कोहेनच्या ‘हालेलुया’ची कडवी त्याने अनेक लिहिली होती, आणि १९८४ च्या मूळ ध्वनिमुद्रणात एक निवड आहे तर १९९१ साली जॉन केलने गायिलेल्या पाठात दुसरी. ‘हर्ट’ हे ट्रेंट रेझ्नरचे १९९४ चे गीत जॉनी कॅशने २००२ साली उतारवयात गायिले, आणि मार्क रोमानेकने केलेल्या त्याच्या चित्रफितीत ते एका वृद्ध कलावंताचे आयुष्यभराचे सिंहावलोकन झाले. शब्द जवळपास तेच. त्यांतून निघणाऱ्या कथा मात्र निराळ्या. म्हणून यादीत प्रत्येक नोंदीपुढे गायकाचे नाव, आवश्यक तेथे वर्ष, आणि गीत अभिप्रेत आहे की चित्रफीत, हा तपशील असलाच पाहिजे.

त्यानंतर येते मागणीपत्र. अर्जासोबत प्रत्येक जण आपल्या अज्ञात लेखकास उद्देशून एक पत्र लिहितो, आणि गीतांच्या विनिमयात ह्या पत्राचे महत्त्व अर्जापेक्षाही अधिक ठरते. बॉबी जेन्ट्रीचे १९६७ मधील ‘ओड टू बिली जो’ घ्या. मिसिसिपीतील एक शेतकरी कुटुंब जेवावयास बसले आहे, पुलावरून उडी घेतलेल्या एका तरुणाची वार्ता ताटांवरील पदार्थांच्या बरोबरीने निर्विकारपणे फिरते आहे, आणि त्या मुलाने काही दिवसांपूर्वी घरातल्या मुलीसारख्याच दिसणाऱ्या एका मुलीबरोबर पुलावरून खाली काहीतरी टाकले होते, एवढेच कळते. काय टाकले, हे ऐकण्याची एका मागणीदाराला ओढ असते. दुसऱ्याला ते रहस्य कधीही फुटू नये असे मनापासून वाटते, आणि मुलीने ताटाला हात का लावला नाही असे विचारणाऱ्या आईच्या मनात काय होते तेवढेच हवे असते. दोघांनी एकच गीत मागितले आहे, आणि एकाला आनंद देणारी कथा दुसऱ्याची निराशा करील. पत्रात आवडीबरोबरच नको असलेल्या गोष्टीही स्पष्ट लिहाव्या लागतात: अमुक प्रकारची हिंसा नको, बालमृत्यू नको, दुःखान्त नको. मागणीदाराच्या सूचना लेखकाला ऐच्छिक असतात, त्याने मनाई केलेल्या गोष्टी मात्र बंधनकारक, ही ताकीद संयोजकाने प्रारंभीच द्यावी. तिच्यावाचून पुढचा विश्वास उभा राहत नाही.

येथेच आणखी एक मर्यादा आखावी लागते. गीतातला ‘मी’ म्हणजे गाणारी व्यक्ती नव्हे. गायकाच्या खऱ्या विवाहाविषयी, आजाराविषयी वा मुलांविषयी कल्पित कथा रचून कोणास भेट देणे ह्या उपक्रमात बसत नाही, असे नियमांत ठळकपणे लिहिणे मला अत्यावश्यक वाटते. चित्रफितीत तर गायकाचाच चेहरा समोर असल्यामुळे ही रेषा सहज पुसट होते.

जुळणीचा भाग संयोजकाच्या कसोटीचा. प्रत्येकाला किमान एक सामाईक गीत असलेला लेखक मिळावा, कोणी रिकाम्या हाताने राहू नये, आणि कोणावर दोन कथांचा भार पडू नये, ह्या तीन अटी एकाच वेळी पाळावयाच्या असतात. फिलिप हॉल ह्या इंग्रज गणितज्ञाने १९३५ साली सिद्ध केलेला सिद्धान्त येथे नेमका लागू पडतो: सर्वांची जुळणी तेव्हाच शक्य असते, जेव्हा मागणीदारांचा कोणताही गट घेतला तरी त्या गटातील एखाद्याच्या तरी मागणीवर लिहावयास तयार असलेले लेखक त्या गटाच्या संख्येहून कमी नसतात. तिघांनी केवळ दोन दुर्मिळ गीते मागितली आणि त्यांवर लिहिणारे दोघेच असतील, तर बाकीच्या शंभरांची व्यवस्था कितीही उत्तम लागली तरी त्या तिघांतला एक उपाशी राहणारच. आणि कितीही हुशार यंत्राने त्यात फरक पडत नाही. ह्यावर इलाज जुळणीच्या आधीच करावा लागतो. प्रत्येकाने किमान तीन-चार निरनिराळी गीते मागावीत अशी अट घालणे, मुदत संपण्यापूर्वी ज्या गीतांना एकही लेखक लाभलेला नाही त्यांची यादी जाहीर करणे, आणि ज्यांना पर्याय सर्वांत कमी त्यांची सोय सर्वांत आधी लावणे, हे ते उपाय होत. गीत चार मिनिटांचे असल्याचा लाभ येथे मिळतो: जाहीर केलेली यादी पाहून कोणीतरी ते अनोळखी गीत ऐकतो, त्याला ते भावते, आणि तो आपल्या अर्जात त्याची भर घालतो.

कथा लिहून देण्याची मुदत दोन महिन्यांची असली तरी आजार, परीक्षा, नोकरीतील बदली अशा कारणांनी काही जण माघार घेणारच, आणि ती माघार वेळेवर व निःसंकोचपणे कळविता यावी अशी तजवीज हवी. ज्याला कारण सांगण्याची धास्ती वाटते तो शेवटच्या दिवसापर्यंत गप्प राहतो आणि मग सर्वांचीच धावपळ होते. माघारीने पोरक्या झालेल्या मागणीसाठी संयोजक पिंच हिटर शोधतो. अल्प मुदतीत दुसऱ्याची उणीव भरून काढणाऱ्या ह्या मंडळींच्या औदार्यावर सगळा विनिमय तरून जातो. प्रत्येक सहभागी व्यक्तीसाठीची कथा भांडारात दाखल होईपर्यंत एकही कथा खुली करू नये, हा नियम कठोर वाटला तरी मोडू नये. आपल्या वाट्याची कथा लिहून झाल्यावर ज्यांच्या मनात आणखी कोणाचे पत्र रेंगाळत असते, ते त्या व्यक्तीसाठी जादा कथा लिहितात. तिला ट्रीट म्हणतात.

गीताच्या ओळी कथेत उद्धृत करण्याबाबत संयोजकाने सावध असावे. एके काळी परिच्छेदांच्या मधूनमधून सबंध गीत छापणाऱ्या कथांची चलती होती. पण शब्दांवर गीतकाराचा हक्क असतो. आपल्याकडे १९५७ च्या कायद्याप्रमाणे तो कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो: १९४१ साली निवर्तलेल्या भा. रा. तांब्यांच्या कविता आज सर्वांच्या आहेत, आणि १९७७ साली गेलेल्या ग. दि. माडगूळकरांच्या रचनांवरील हक्क २०३७ च्या अखेरीपर्यंत अबाधित आहे. ओळी न वापरता गीत कथेत उतरविण्यातच लेखकाचे कौशल्य अधिक लागते.

मराठीत असा विनिमय भरवावयाचा तर भोंडल्याची गाणी मला सर्वांत योग्य वाटतात. त्यांचा कर्ता अज्ञात आहे, ती पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांच्या कंठात राहिली आहेत, आणि कारल्याच्या वेलाचे गाणे तर अशा कथांसाठीच रचले असावे इतके रिकाम्या जागांनी भरलेले आहे. सून माहेरी जाण्याची अनुमती मागते, सासू वेल लावण्याची अट घालते, एक अट पुरी झाली की दुसरी निघते. वेल वाढतो तेवढ्या काळात माहेरी काय घडले? सासूला स्वतःला कोणी किती अटी घातल्या होत्या? सुनेचा नवरा ह्या सगळ्यात कोठे आहे? ह्यांपैकी प्रत्येक प्रश्नावर एक मागणीपत्र लिहिता येईल. आषाढात नामांकने मागवावीत, श्रावणात जुळणी उरकावी, कोजागरीला कथा खुल्या कराव्यात आणि दिवाळीच्या पाडव्याला लेखकांची नावे प्रकट करावीत. म्हणजे मधल्या पंधरवड्यात कथा कोणाची ह्याचा तर्क लढविण्यास आणि अनामिक लेखकास मनःपूर्वक अभिप्राय कळविण्यास पुरेसा अवकाश मिळेल. गावोगावी ह्या गाण्यांचे पाठ वेगळे आहेत. तेव्हा ज्याने नामांकन केले त्याच्या घरी गायिला जाणारा पाठ संपूर्ण लिहून घ्यावा आणि गावाच्या नावासह तोच यादीला जोडावा.