धूर दिसला, जहाज थांबलं नाही

'पँडोरा' या ब्रिटिश फ्रिगेटची पहिली अकरा वर्षं दोन ओळींत आटोपतात. मे १७७९मध्ये डेटफर्डच्या गोदीतून ती पाण्यात उतरली, तोफा २४. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात क्वेबेककडे जाणाऱ्या व्यापारी ताफ्यांची राखण केली आणि १७८३मध्ये लढाई संपल्यावर चॅटमला बांधून पडली.

१७९०च्या मार्चमध्ये लेफ्टनंट ब्लाय 'बाउंटी' या आपल्या जहाजावरच्या बंडाची हकिगत घेऊन इंग्लंडला परतला. बंडखोरांना पकडून आणायला नोव्हेंबरात पँडोरा निघाली. कॅप्टन होता एडवर्ड एडवर्ड्स. बंड म्हणजे काय हे त्याला शिकवायला नको होतं. १७८२ साली 'नार्सिसस'वर त्याच्याविरुद्धच कट शिजला होता आणि सहा जण फासावर गेले होते.

ताहितीला पोहोचण्याच्या आठवडाभर आधी त्याला एक निर्जन बेट दिसलं. त्याला 'ड्यूसी' नाव देऊन तो पुढे गेला. बंडाचा म्होरक्या फ्लेचर ख्रिश्चन आणि त्याचे आठ साथीदार तिथून साडेपाचशे किलोमीटरच्या आत, पिटकेर्नवर लपले होते.

ताहितीत मात्र चौदा जण सापडले. जोसेफ कोलमन तर आपण होऊन जहाजावर आला. कोलमन, नॉर्मन, मॅकिंटॉश आणि जवळजवळ आंधळा असलेला फिडलवादक बर्न हे चौघे निर्दोष आहेत, त्यांना बंडखोरांनी जबरदस्तीने ठेवून घेतलं, असं खुद्द ब्लायने सांगितलं होतं. तरी चौदाही जणांना बेड्या पडल्या. जहाजाच्या मागच्या डेकवर अकरा फूट बाय अठरा फुटांची लाकडी कोठडी बांधली गेली. आत जायला छतात एक झडप. ग्रीक पुराणातली पँडोराची पेटी सर्वांना ठाऊक होती, त्यामुळे कोठडीला नाव शोधावं लागलं नाही.

पुढचे महिने बेटामागून बेट धुंडाळण्यात गेले. पामरस्टन बेटाजवळ पाच खलाशांसह एक होडी हरवली ती कायमची. १३ ऑगस्ट १७९१ रोजी व्हानिकोरो बेटावरून धूर चढताना दिसला. लपून बसलेले बंडखोर धूर कशाला करतील, असा हिशेब करून एडवर्ड्सने जहाज पुढे काढलं. हिशेब चोख होता. पण फ्रेंच दर्यावर्दी ला पेरूझची दोन्ही जहाजं १७८८मध्ये याच बेटावर फुटली होती, आणि त्यातले काही जण वाचून तिथे राहिल्याच्या आठवणी बेटवासीयांनी जपल्या होत्या. तो उलगडा व्हायला १८२७ उजाडलं. त्यासाठी पीटर डिलन कलकत्त्याहून ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज घेऊन गेला. एडवर्ड्स क्रूर होता, असं म्हणून मोकळं होता येतं. मला तो हातातल्या यादीपलीकडे न पाहणारा कारकून वाटतो.

२८ ऑगस्टच्या संध्याकाळी ग्रेट बॅरियर रीफच्या प्रवाळखडकावर पँडोरा आपटली. पंप मारायला तिघा कैद्यांना सोडलं, बाकीचे कोठडीतच. पहाटे जहाज कलंडू लागलं तेव्हा आत उतरलेला एक कारागीर घाईघाईने बेड्या तोडत होता आणि झडप बाहेरून बंद झाली होती. सारंगाचा मदतनीस विल्यम मोल्टर याने बुडत्या जहाजावर थांबून कडी काढली. तरी चार कैदी आणि ३१ खलाशी गेले.

वाचलेले ९९ जण जवळच्या वाळूच्या पट्टीवर जमले. उघड्यावाघड्या कैद्यांनी सावलीसाठी एक जुनं शीड मागितलं, एडवर्ड्सने नकार दिला. उन्हापासून वाचायला ते गळ्यापर्यंत वाळूत पुरून बसले. मग चार होड्यांतून सारे तिमोरच्या कुपांगला पोहोचले.

इंग्लंडमध्ये जहाज गमावल्याबद्दलच्या चौकशीतून एडवर्ड्स निर्दोष सुटला. दहा कैद्यांपैकी ब्लायने सांगितलेले तेच चौघे सुटले, सहा दोषी ठरले आणि त्यातल्या तिघांना २९ ऑक्टोबर १७९२ रोजी फाशी झाली.

पँडोराचे अवशेष १९७७मध्ये तीसेक मीटर खोलीवर सापडले. क्वीन्सलँड संग्रहालयाच्या पाणबुड्या संशोधकांना त्यात वैद्याचं खिशातलं घड्याळ मिळालं आणि तिघांची हाडं. त्यांना टॉम, डिक आणि हॅरी म्हणतात, आपण 'सोम्यागोम्या' म्हणावं तसं. तिथून जवळच्या वाळूच्या बेटाचं नकाशावरचं नाव मात्र 'मोल्टर के'.