गवताचा भाव आणि गवतातले पाणी

दिवाळी होऊन गेली, की कल्याण-मुरबाड रस्त्यावर आणि बदलापूरकडून येणाऱ्या रस्त्यांवर गवताने भरलेले ट्रक दिसू लागतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर इथल्या शाळांतल्या मुलांनी ते नक्कीच पाहिलेले असतात. मुरबाड, शहापूर, भिवंडी, वाडा या तालुक्यांतल्या वरकस जमिनींवरचे हे गवत कल्याणपासून मुंबईपर्यंतच्या तबेल्यांकडे जाते. बदलापूरला पूर्वी घोडे बदलले जात, म्हणून गावाला ते नाव पडले, असे सांगतात. तेव्हा गवत घोड्यांना लागे, पुढे म्हशींना लागू लागले.

वर्तमानपत्रात बाजारभावाच्या रकान्यात कधीकधी चाऱ्याचे भावही येतात. कडबा शेकडा पेंढ्यांवर, हिरवा चारा किलोवर, वाळके गवत टनावर किंवा गाठीवर. हे आकडे वाचून कोणता चारा स्वस्त आणि कोणता महाग, हे आपल्याला सांगता येईल का? बहुतेकांना नाही. पेंढी केवढी आणि गाठ किती किलोची, हे बातमीत नसते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. चारा विकत घेताना आपण चाऱ्याबरोबर पाणीही विकत घेतो, आणि ते किती, हे तराजू सांगत नाही.

वजनात लपलेले पाणी

नुकत्याच कापलेल्या हिरव्या गवतात ७० ते ८० टक्के पाणी असते. चांगल्या वाळलेल्या गवतात ते १५ टक्क्यांच्या आसपास येते. पाणी वजा करून जे उरते, त्याला आपण ‘कोरडा भाग’ म्हणू. जनावराचे पोषण होते ते या कोरड्या भागातून.

एक हिशेब करू. १००० किलो हिरवे गवत कापले. त्यात ७५ टक्के पाणी आहे. म्हणजे कोरडा भाग २५० किलो. हेच गवत १५ टक्के पाणी राहीपर्यंत वाळवले, तर वजन किती भरेल? २५० किलो हे आता एकूण वजनाच्या ८५ टक्के आहेत. म्हणून २५० भागिले ०.८५, म्हणजे सुमारे २९४ किलो. एक टनातले ७०० किलो पाणी हवेत गेले. अन्न मात्र जवळजवळ तेवढेच राहिले.

आता भाव पाहू. हे आकडे केवळ हिशेबापुरते घेतले आहेत. हिरवा चारा ३ रुपये किलो आणि वाळके गवत ८ रुपये किलो असेल, तर हिरवा चारा स्वस्त वाटेल. पण हिरव्या चाऱ्यात कोरडा भाग फक्त २५ टक्के, म्हणून कोरड्या भागाचा भाव पडला १२ रुपये किलो. वाळक्या गवतात तो ८५ टक्के, म्हणून भाव पडला सुमारे ९ रुपये ४० पैसे. स्वस्त दिसणारा चारा महाग निघाला.

पण हिशेब इथेच संपत नाही. कोरड्या भागात प्रथिने किती, हेही पाहायला हवे. लसूणघासाच्या कोरड्या भागात सुमारे २० टक्के प्रथिने असतात, भाताच्या पेंढ्यात जेमतेम ३ ते ४ टक्के. हिरवा लसूणघास ५ रुपये किलो आणि त्यात ८० टक्के पाणी धरले, तर त्यातल्या प्रथिनांचा भाव १२५ रुपये किलो पडतो. पेंढा ६ रुपये किलो, पाणी १० टक्के आणि प्रथिने ३.५ टक्के धरली, तर तोच भाव १९० रुपये होतो. जनावराला तंतुमय चाराही लागतो, म्हणून नुसता लसूणघास घालून भागत नाही. पण किलोच्या भावावरून निर्णय घेणारा गोठेवाला कसा फसतो, हे यावरून कळेल.

मजुरीचा तराजू

पाण्याचा हा प्रश्न फक्त विकणाऱ्या-घेणाऱ्यांचा नाही. तो गवत कापणाऱ्या हातांचाही आहे. १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, उंबरगाव आणि डहाणू भागात, वारली आदिवासींचा मोठा लढा झाला. किसान सभेच्या वतीने शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यात काम करीत होते. वेठबिगारीविरुद्ध सुरू झालेल्या या लढ्यात गवतकापणीची मजुरी ही एक मुख्य मागणी होती : ५०० पौंड गवत कापण्याला अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगडसह पाच जण मृत्युमुखी पडले. गोदावरीबाईंनी या लढ्याची हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली आहे.

मजुरी वजनावर ठरते, तेव्हा विज्ञान काय सांगते? ५०० पौंड म्हणजे सुमारे २२७ किलो. गवतात निम्मे पाणी असेल, तर एवढ्या वजनात कोरडा भाग सुमारे ११३ किलो. पुढे गवत उभ्यानेच वाळत जाते. त्यात ३० टक्केच पाणी उरले, तर तेवढेच वजन भरायला १५९ किलो कोरडा भाग लागतो. म्हणजे तेवढ्याच पैशांसाठी चाळीस टक्के जास्त काड्या कापायच्या! विळा काड्यांवर चालतो, तराजू किलोवर. म्हणून मजुरीच्या दराबरोबर गवत कोणत्या दिवशी आणि केव्हा तोलले, हेही विचारावे लागते.

ओल्या गवताला आग कशी लागते?

मग गवत कोवळे असताना, ऑगस्टमध्येच का कापत नाहीत? तेव्हा त्यात प्रथिने भरपूर असतात. कारण ते वाळत नाही. कापलेल्या गवतातल्या पेशी लगेच मरत नाहीत. त्या श्वसन करीत राहतात, साखर जाळतात आणि उष्णता बाहेर टाकतात. त्यात बुरशी आणि जिवाणूंची भर पडते. गवताची गंजी जाड असेल, तर ही उष्णता बाहेर निघत नाही. तापमान ६०-७० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. त्यापुढे जिवाणू तग धरत नाहीत, पण रासायनिक क्रिया सुरू होतात आणि तापमान आणखी वाढते. अशा गंजीला बाहेरची ठिणगी न लागताही काही आठवड्यांनी आग लागू शकते. आग लागली नाही, तरी गवत काळे पडते आणि बुरशीने भरते. असे गवत हाताळणाऱ्याच्या फुप्फुसांनाही अपाय होतो.

म्हणून आपल्याकडे ऑक्टोबरअखेर ऊन पडेपर्यंत थांबतात. तोवर गवत फुलून, बी गळून, काडी कडक झालेली असते. लिग्निन नावाचा लाकडासारखा कठीण पदार्थ वाढतो आणि प्रथिने कोवळ्या गवताच्या निम्म्याहूनही कमी होतात. कुसळीसारख्या गवताला तर टोचणारी कुसळे आलेली असतात. अंबरनाथ-बदलापूरच्या परिसरात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढ्या पावसात गवत उदंड वाढते, पण त्याच पावसामुळे ते वेळेवर वाळवता येत नाही.

वाळवंटातला उलटा प्रकार

याच्या नेमके उलटे चित्र पाहायचे, तर वाळवंटात जायला हवे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातील इंपीरियल व्हॅलीत वर्षाला जेमतेम ७५ मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही तिथे लसूणघासाचे उत्तम वाळके गवत तयार होते आणि गाठी बांधून परदेशीही जाते. कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याने मिळते आणि ऊन तर आहेच. पीक फुलोऱ्यावर येऊ लागताच कापायचे, थोड्या दिवसांत कोरड्या हवेत वाळवायचे, पुन्हा पाणी द्यायचे. वर्षात सात-आठ कापण्या सहज होतात.

पण या गवताची खरी किंमत पाण्यात मोजावी लागते. अशा हवेत हे पीक वर्षाला दीड ते दोन मीटर खोलीचे पाणी पिते. ढोबळ हिशेब केला, तर एक टन गवतामागे हजार घनमीटरच्या आसपास, म्हणजे दहा लाख लिटर पाणी. टनभर गाठींत आपल्या हाती येते जेमतेम दीडशे लिटर, बाकीचे पानांवाटे हवेत गेलेले असते.

सौदी अरेबियाने हा हिशेब उशिरा मांडला. हजारो वर्षांपूर्वी साठलेले भूजल उपसून तिथे चारा पिकवला जात होता. ते पाणी पुन्हा भरत नाही, हे लक्षात आल्यावर २०१५ च्या अखेरीस मोठ्या प्रमाणावरची हिरव्या चाऱ्याची शेती तीन वर्षांत थांबवायचे ठरले. तिथल्या एका मोठ्या दुग्धकंपनीने अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात जमीन घेऊन चारा पिकवायला सुरुवात केली होती. तिथेही भूजलावरून वाद पेटला आणि २०२३ मध्ये ॲरिझोना सरकारने सरकारी जमिनीचे तिचे भाडेपट्टे मोडायला घेतले. गवत जहाजातून निघाले, की त्याच्याबरोबर एका देशाचे पाणी दुसऱ्या देशात जाते, ते असे.

उल्हासनगरचाही वाळवंटाशी एक धागा आहे. फाळणीनंतर इथल्या लष्करी छावण्यांत आलेली सिंधी कुटुंबे ज्या प्रांतातून आली, तो सिंधू नदीच्या कालव्यांवर जगणारा कोरडा प्रदेश. १९३६ पर्यंत तो मुंबई इलाख्यातच होता. बरसीम हे चाऱ्याचे पीक भारतीय उपखंडात आले ते इजिप्तमधून, १९०४ साली, याच सिंधमधल्या मीरपूरखासला. पुढे ते पंजाब आणि उत्तर भारतात पसरले.

दुष्काळ आणि गाठ

महाराष्ट्राला दोन्ही टोके ठाऊक आहेत. २०१९ च्या उन्हाळ्यात मराठवाडा आणि नगर-सोलापूर भागात हजाराहून अधिक चारा छावण्या उभ्या होत्या. त्याच वर्षी २७ जुलैला उल्हास नदीला पूर येऊन बदलापूर-वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. एकाच राज्यात काही आठवड्यांच्या अंतराने हे घडले.

मग कोकणातला चारा तिकडे का नेत नाहीत? इथे गाठीचे महत्त्व कळते. सैल गवत एका घनमीटरला साठ-ऐंशी किलोच भरते. ट्रक भरलेला दिसतो, पण त्यात हवाच जास्त. गवत दाबून तारेने गाठ बांधली, की तेवढ्याच जागेत दुप्पट-तिप्पट वजन मावते आणि किलोमागे वाहतूक खर्च त्या प्रमाणात घटतो. हिरवा चारा लांब नेणे तर आणखी तोट्याचे, कारण त्यात आपण पाण्याचे भाडे भरतो. छावणीत जनावराला १५ किलो हिरवा चारा घातला, असे ऐकले तरी आपण विचारले पाहिजे : त्यात कोरडा भाग किती? ७५ टक्के पाणी असेल, तर पावणेचार किलो. मोठ्या जनावराला तेवढ्याने पुरत नाही.

आपल्याकडे काय करता येईल?

वाळवण्याला ऊन नसेल, तर न वाळवता टिकवण्याचा मार्ग आहे : मुरघास. पोटरीतले किंवा फुलोऱ्यावर येणारे गवत किंवा मका पावसाच्या उघडिपीत कापायचा, बारीक तुकडे करून खड्ड्यात किंवा प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत दाबून भरायचा आणि हवा बंद करायची. हवेशिवाय वाढणारे जिवाणू त्यातल्या साखरेचे लॅक्टिक आम्ल बनवतात. दही लागते तेव्हा होते, तसेच. आम्लता वाढली, की कुजवणारे जिवाणू थांबतात. सहा-सात आठवड्यांत मुरघास तयार होतो. गवतात साखर कमी असेल, तर थोडे गुळाचे पाणी शिंपडतात.

भाताचा पेंढा तर आपल्याकडे आहेच. त्यात सिलिका आणि लिग्निन जास्त, म्हणून तो नीट पचत नाही. १०० किलो पेंढ्यावर ४ किलो युरिया ५०-६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडतात आणि तो २१ दिवस घट्ट झाकून ठेवतात. युरियापासून अमोनिया होतो, तो तंतूंची घट्ट वीण सैल करतो. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले सूक्ष्मजीव त्यातला नायट्रोजन वापरून प्रथिने बनवतात. घालण्यापूर्वी पेंढा मोकळा पसरून वास जाऊ द्यावा. लहान वासरांना तो देऊ नये. नुसता युरिया जनावराच्या तोंडी कधीही जाता कामा नये, तो विष ठरतो. पहिल्यांदा हे पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच करावे.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. शाळेच्या आवारातले १०० ग्रॅम गवत तोलून, तुकडे करून उन्हात पसरा. रोज एकाच वेळी तोला. लागोपाठ दोन दिवस वजन सारखे आले, की थांबा. प्रयोगशाळेत ओव्हन असेल, तर त्यानंतर १०० अंशांवर पुन्हा वाळवा. उन्हाने न गेलेले पाणीही दिसेल. ऑगस्ट आणि नोव्हेंबरमधल्या गवताचे आलेख शेजारी मांडा.

२. कोरड्या बरणीत मूठभर वाळक्या गवताचे तुकडे आणि तव्यावर गरम करून थंड केलेले थोडे मीठ घाला. झाकण लावून दोन मिनिटे हलवा. मिठाचे खडे झाले, तर गवतात सुमारे १५ टक्क्यांहून जास्त ओल आहे. ते साठवण्याजोगे नाही.

३. जवळच्या गोठ्यावर जाऊन तिथले दादा किंवा काका चारा कोणत्या मापाने घेतात, ते विचारा. कोरड्या भागाचा किलोमागे भाव काढा आणि तो त्यांना दाखवा. त्यांचा अनुभव आणि आपला हिशेब जुळतो का, ते पाहा. जुळला नाही, तर चूक आपल्या हिशेबात आहे की त्यांच्या तराजूत, हे दोघांनी मिळून शोधावे.