चार बाजूंवरून शेत ठरत नाही

आमच्या शिवारात आयताकृती शेत एकही नाही. कुठे नाल्याने एक बाजू खाल्लेली, कुठे भावकीच्या वाटणीत कोपरा गेलेला, कुठे रस्त्याने तिरकी पट्टी उडवलेली. पुस्तकातल्या शेतकऱ्याचं शेत मात्र नेहमी 120 मीटर लांब आणि 80 मीटर रुंद असतं आणि त्याला दरवर्षी तारेचं कुंपण घालायचं असतं. मी चाळीसगाव तालुक्यातल्या एका शाळेत सातवी-आठवीला गणित शिकवते. मुलं बहुतेक कापसाच्या आणि केळीच्या घरांतली. असं शेत कुठेच नसतं हे त्यांना पहिल्या ओळीतच कळतं. मग ती गुमान गुणाकार करतात, उत्तराखाली दोन रेघा मारतात आणि पुढचं उदाहरण घेतात.

गुणाकाराला फेटा बांधला म्हणून तो व्यवहार होत नाही. खऱ्या व्यवहारात आकडे कुणी हातात आणून देत नाही. काय मोजायचं हेच आधी ठरवावं लागतं, आणि माझ्या मते भूमिती तिथे सुरू होते. म्हणून आठवीला क्षेत्रफळ शिकवताना मी फळ्यावर एकही आकडा लिहीत नाही. पेरणीआधी एका पालकांच्या मोकळ्या तुकड्यात वर्ग नेते, मुलांच्या हातात टेप देते आणि विचारते, ‘‘हे किती गुंठे?’’

मुलं धावत जाऊन चारही बांध मोजतात. एका तुकड्याची मापं अशी आली (हिशेब सोपा व्हावा म्हणून इथे आकडे थोडे सरळ केले आहेत): 104, 165, 119 आणि 93 फूट. पुढचं त्यांना घरूनच ठाऊक असतं. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. एकशे साडेअकरा गुणिले एकशे एकोणतीस, म्हणजे सुमारे 14,384 चौरस फूट. एक गुंठा 1,089 चौरस फुटांचा, तेव्हा सव्वातेरा गुंठ्यांना थोडे कमी. गावात सौदे होताना हीच रीत मी कितीदा ऐकली आहे. आजोबांनी असंच मोजलं, वडिलांनीही असंच. मुलांच्या लेखी प्रश्न संपला.

मी पिशवीतून बांबूच्या चार कामट्या काढते. टोकांना भोकं, भोकांत सैल खिळे. हा चौकोन मुलांच्या हातात दिला की तो कलतो, आणखी कलतो आणि शेवटी पार मिटतो. चारही बाजू तेवढ्याच राहतात आणि आतली जागा जवळजवळ शून्यावर येते. ‘‘मग आपण मोजलेल्या चार बाजूंचं शेत यातलं नेमकं कोणतं?’’ एवढं विचारून मी गप्प बसते. आमच्या आठवीत ही शांतता दुर्मीळ असते. ती मोडली एका मुलीने. ती म्हणाली, ‘‘मॅडम, मधून एक काठी लावायला पाहिजे.’’

ही मधली काठी म्हणजे कर्ण. आणि इथे मला भास्कराचार्यांची आठवण काढायचा हक्क आहे, कारण ते आमच्याच मुलखाशी जोडलेले. आमच्या तालुक्यातल्या पाटण्याला सापडलेल्या शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. 1150 च्या सुमाराच्या ‘लीलावती’त भास्कराचार्य चौकोनाच्या क्षेत्रफळाकडे येतात आणि एकदम चिडतात. कर्ण किंवा लंब न सांगता नुसत्या बाजूंवरून चौकोनाचं नेमकं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला ते पिशाच म्हणतात, आणि सांगणाऱ्याला त्याहून मोठं पिशाच. वर्गात हे सांगितलं की मुलं एकमेकांकडे बोटं दाखवतात, आणि कर्णाचं महत्त्व मला वेगळं सांगावं लागत नाही.

चार बाजूंचा चौकोन कलतो, मग तीन बाजूंचा त्रिकोण का कलत नाही? याचं उत्तर मुलांनी आधीच पाठ केलेलं असतं. ती बाबाबा कसोटी आहे. तिन्ही बाजू ठरल्या की त्रिकोण एकच, दुसरा होऊच शकत नाही. कसोटीचा उपयोग काय हे मात्र त्यांना कधी दिसलेलं नसतं. मग ती शोधायला लागतात: गोठ्याच्या पत्र्याखालची कैची, वाड्याच्या फाटकावरची तिरपी पट्टी, मांडवाच्या खांबांना दिलेला आडवातिडवा बांबू.

एकदा शाळेशेजारी बांधकाम चालू होतं, तेव्हा तिथल्या मिस्तरींना मी वर्गात बोलावलं. त्यांनी पटांगणावर खोलीचा आराखडा फक्कीने आखून दाखवला. गुण्या लहान कोपऱ्यापुरता. मोठ्या आखणीला ते दोरीवर तीन, चार आणि पाच फूट धरतात. हे त्रिकूट बौधायनाच्या शुल्बसूत्रातही आहे, पण मिस्तरींना ते त्यांच्या वस्तादाकडून मिळालेलं. चारही कोपरे झाल्यावर त्यांनी कोनाकोनी दोर लावला, एकदा इकडून, एकदा तिकडून. दोन्ही मापं सारखी भरली. ‘‘आता खोली गुण्यात आली,’’ ते म्हणाले. का आली, हे त्यांना विचारणं मला शोभलं नसतं. ते मुलांचं काम. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि कर्णही सारखे, तर चारही कोन काटकोन. सिद्धतेला बाबाबाच पुरते, आणि त्या दिवशी तीन मुलं फळ्यापाशी खडूसाठी भांडली.

आता परत शेताकडे. कर्ण आणि कोपऱ्यांपासून त्यावर टाकलेले लंब मोजायच्या कामाला मोजणीदार शंकू-साखळी म्हणतात. साखळी 33 फुटांची, आणि शंकू म्हणजे काटकोनात नजर टाकायचं साधन. आम्ही तो दांड्यावर ठोकलेल्या फळीचा करतो. फळीवर चार खिळे असे मारायचे की समोरासमोरच्या जोड्या एकमेकींना काटकोनात छेदतील. कर्णावर दोर ताणायचा. शंकू दोराच्या कडेने सरकवत न्यायचा. एक जोडी दोराच्या रेषेत ठेवायची आणि दुसरीतून शेताचा कोपरा नेमका दिसला की थांबायचं. तो लंबाचा पाया. दोर सुतळीचा असेल तर ताणल्यावर लांबतो, मग कुणी किती ओढलं यावरून खरी भांडणं होतात. मोजमापातल्या चुकीवर इतका चांगला धडा मी कुठल्या पुस्तकात पाहिलेला नाही.

आमच्या तुकड्याचा कर्ण 165 फूट भरला, म्हणजे पाच साखळ्या. एका बाजूच्या कोपऱ्याचा लंब तीन साखळ्या, दुसऱ्या बाजूचा दोन. कर्ण गुणिले लंबांची बेरीज, त्याचं निम्मं. पाच पाचं पंचवीस, निम्मे साडेबारा. साडेबारा काय? साडेबारा गुंठे! 33 फूट गुणिले 33 फूट म्हणजेच 1,089 चौरस फूट, म्हणून साखळीत मोजलं की उत्तर थेट गुंठ्यांत येतं. चाळीस गुंठ्यांचा एकर होतो. इंग्रजी अमदानीत सर्व्हेवाल्यांनी साखळीची लांबी 33 फूट का धरली याचं कारण मुलांनीच मला सांगितलं. सातबारावरच्या हेक्टर-आरशी ताळा करायचा तर एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, आणि गुंठा 101.17 चौरस मीटर. आपले साडेबारा गुंठे म्हणजे सुमारे 12.65 आर.

दुसऱ्या गटाने दुसरा कर्ण धरला होता, तो 168 फूट भरला. लंब वेगळे, त्रिकोण वेगळे, तरी उत्तर साडेबाराच्या आसपासच. सरासरीच्या रीतीने मात्र जवळजवळ पाऊण गुंठा जास्त दाखवला होता. हा पाऊण गुंठा कुणी विकला असता आणि कुणी विकत घेतला असता, हे माझ्या मुलांना समजावून सांगावं लागलं नाही.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. सरासरीची रीत कधी कमीही दाखवते का? आठवीची मुलं ठामपणे ‘नाही’ म्हणू शकतात. त्रिकोणाच्या दोन बाजू ठरलेल्या असतील तर त्यांच्यात काटकोन असताना क्षेत्रफळ सर्वांत जास्त होतं, दोन्ही बाजूंच्या गुणाकाराच्या निम्मं. शेत एकदा एका कर्णाने कापा, एकदा दुसऱ्याने. चार त्रिकोण मिळतात आणि त्यांची बेरीज शेताच्या दुप्पट असते. प्रत्येक त्रिकोणावर ती निम्म्या गुणाकाराची मर्यादा घाला, चारही मर्यादांची बेरीज करा, तिचं निम्मं करा. हातात येतो तोच सरासऱ्यांचा गुणाकार. म्हणजे ती रीत शेत कितीपर्यंत असू शकेल ते सांगते. बरोबर येते ती फक्त आयतात, बाकी सगळीकडे जास्त. ब्रह्मगुप्ताने 628 साली तिला ‘स्थूल’ असं नाव देऊन ठेवलं होतं.

माझ्या काही सहकाऱ्यांना हे सगळं वेळखाऊ वाटतं, आणि ते खरंही आहे. दोन तासिकांत संपणारं प्रकरण मी आठवडाभर लांबवते. प्रत्येक धड्याला असं करावं असं माझं म्हणणं नाही. समांतर रेषांचे कोन फळ्यावर उत्तम शिकवता येतात, त्यांच्यासाठी उगाच रेल्वेचे रूळ आणू नयेत. पण पियरे आणि डीना व्हॅन हीले या डच शिक्षक जोडप्याने 1957 मध्ये जे मांडलं ते मला रोज वर्गात दिसतं. मूल आधी आकृती नुसती पाहून ओळखतं, मग तिचे गुणधर्म वेगळे करतं, त्यानंतर त्या गुणधर्मांचे एकमेकांशी संबंध जोडतं आणि मग कुठे सिद्धतेला तयार होतं. मधल्या पायऱ्या गाळल्या की सिद्धता पाठांतर होते. तिरका ठेवलेला चौरस ‘डायमंड’ म्हणणारी मुलं सातवीतही असतात. त्यांना पक्ष-साध्य लिहायला लावून काही हाती लागत नाही.

ज्या पालकांचं स्वतःचं शेत किंवा प्लॉट आहे त्यांना एक विनंती. भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या गटाच्या नकाशाची नक्कल काढा आणि सुट्टीत मुलाला बरोबर घेऊन टेपने एक कर्ण आणि दोन लंब मोजा. लंब काढणं जमलं नाही तर चार बाजू आणि एक कर्ण पुरतो, बाकीचं आठवीच्या पुस्तकातलं हेरॉनचं सूत्र करतं. आलेलं उत्तर सातबाराशी ताडून पाहा, आणि फरक पडला तर त्याचं कारण आधी मुलाला शोधू द्या.