केसरबाईंच्या तबकड्या

सावंतवाडीहून दोडामार्गाच्या वाटेने गोव्यात उतरले की डिचोलीच्या शेजारी लामगाव लागते. आज या वाटेच्या एका टोकाला सिंधुदुर्ग जिल्हा आहे व दुसऱ्या टोकाला गोवा राज्य. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एकीकडे सावंतांचे संस्थान होते आणि दुसरीकडे फिरंग्यांचा अंमल. गाण्याला मात्र हद्दीची अडचण कधी झाली नाही. सावंतवाडी संस्थानात जन्मलेले रामकृष्णबुवा वझे ग्वाल्हेरीस निसार हुसेनखाँपाशी शिकले, उत्तर हिंदुस्थानात हिंडून अनवट रागांचा मोठा साठा जमवून परत आले, आणि लामगावी त्यांचे येणे-जाणे असता फोंडा महालातील केरी गावच्या एका मुलीला त्यांनी तालीम दिली. तीच पुढे सूरश्री केसरबाई केरकर म्हणून विख्यात झाली.

वझेबुवा १९४५ साली वारले. केसरबाईही १९७७ साली गेल्या. ज्यांनी त्यांच्या मैफली ऐकल्या अशी माणसे आता फार थोडी उरली आहेत, आणि त्यांच्या आठवणीतून गाण्याचे वर्णन मिळते, गाणे मिळत नाही. गाणे जे काही राहिले आहे ते तबकड्यांवर. म्हणून केसरबाईंच्या तबकड्यांत नेमके काय सापडते आणि काय सापडत नाही, हे पाहून ठेवणे अगत्याचे आहे.

प्रथम तबकडी म्हणजे काय ते सांगावयास हवे, कारण आजच्या घरातील मुलांनी ती बहुधा चित्रातच पाहिलेली असते. लाख, दगडाची बारीक भुकटी आणि काजळी यांच्या मिश्रणाची ही थाळी मिनिटाला ७८ फेरे घेत असे. तिच्या अंगावर नागमोडी चर कोरलेला असून त्या चरातून पोलादी सुई धावली म्हणजे चराचे कंप सुईत, सुईतून पडद्यात आणि पडद्यातून कर्ण्यात उतरत. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे मावत, बारा इंचीवर फार तर साडेचार. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायझबर्ग १९०२ साली कलकत्त्यास आला आणि गौहरजानसारख्या गायिकांचा आवाज त्याने मेणाच्या चकतीवर उतरवून घेतला, तेव्हापासून हिंदुस्थानी गवयाच्या मानेवर या तीन मिनिटांचे जू बसले. त्या काळच्या तबकड्यांच्या शेवटी गायिका आपले नाव मोठ्याने पुकारते. पुष्कळांना तो नखरा वाटतो. वास्तविक त्या चकत्या जर्मनीत हॅनोव्हरला रवाना होत, आणि तेथील कारागिराला कोणती चकती कोणाची हे उमगावे म्हणून ही सोय होती.

कोकणात ही वस्तू मुंबईहून आली. चाकरमान्यांच्या पेट्यांतून मालवण-वेंगुर्ल्याकडच्या घरांत फोनो आणि ‘प्लेटी’ येऊन पोहोचल्या, आणि मग पावसाळ्याने त्यांचा समाचार घेतला. लाखेवर बुरशी चढते, कागदी पाकीट ओल धरते, सुया गंजतात. जुन्या तबकड्या ज्या दशेत आज हाती लागतात तिचे निम्मे श्रेय चार महिन्यांच्या दमट हवेला द्यावे लागेल. उरलेले निम्मे एकच सुई दहा-दहा वेळा वापरणाऱ्या काटकसरी गृहस्थांना.

आता केसरबाईंकडे वळू. त्यांचा जन्म १८९२चा. देवस्थानांच्या सेवेशी निगडित अशा कलावंत घराण्यात गाणे उपजतच असे. आठ वर्षांच्या असता त्यांना कोल्हापुरास अब्दुल करीमखाँपाशी ठेवले होते. ती तालीम काही महिन्यांचीच झाली. नंतर वझेबुवा, मग मुंबईस भास्करबुवा बखले, आणि १९२१ साली अल्लादियाखाँचा गंडा. यांशिवाय सतारिये बरकतुल्लाखाँ यांच्याकडूनही त्यांनी काही विद्या घेतली. अल्लादियाखाँकडची तालीम मात्र खाँसाहेब १९४६ साली पैगंबरवासी होईपर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे, त्यांच्या गाण्यास पुरून उरली.

या चार गायनगुरूंची नावे एका ओळीत मांडली की एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. अब्दुल करीमखाँनी तबकड्या दिल्या, त्याही दोनदा: एकदा विसाव्या शतकाच्या प्रारंभी कर्ण्याच्या युगात, आणि एकदा उतारवयात, विजेच्या ध्वनिलेखनावर. वझेबुवांच्याही काही तबकड्या आहेत. भास्करबुवांचा आवाज मात्र कोठेही उतरलेला नाही. १९२२ साली ते गेले, तेव्हा मुंबई-पुण्यात ग्रामोफोन घरोघर पोहोचू लागला होता, तरीही नाही. आणि अल्लादियाखाँची तर गोष्टच निराळी. तरुणपणी अतिगायनाने त्यांचा मूळ आवाज बसला, तो पूर्ववत आला नाही, आणि त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी पेचदार, अखंड दमाची नवी गायकी त्यांनी घडविली. आज ज्याला जयपूर-अत्रौली घराणे म्हणतात त्याचा उगम त्या आवाजात आहे. त्या आवाजाचा एक श्वासही जतन झालेला नाही. कोल्हापूर दरबारात आणि मुंबईत अर्धशतक गाऊन हा पुरुष आपला नाद बरोबर घेऊन गेला. त्यांचे शागीर्द-पुत्र मंजीखाँ १९३७ साली अकाली वारले; तेही तसेच गेले.

तेव्हा अल्लादियाखाँ काय गात असतील हे ज्याला जाणून घ्यावयाचे आहे त्याला केसरबाईंच्या आणि मोगूबाई कुर्डीकरांच्या तबकड्यांचा दरवाजा ठोठवावा लागतो. या तबकड्यांचे मोल केवळ एका गायिकेची स्मृती म्हणून ठरवून भागत नाही. मुक्या राहिलेल्या गुरूचीही ती एकुलती एक सनद आहे.

केसरबाईंनी ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ आणि ‘ब्रॉडकास्ट’ या दोन छापांसाठी गायन केले. ललत, तोडी, देसी, गौड मल्हार, नट कामोद, मारू बिहाग, मालकंस, भैरवी हे त्यांतील काही राग. कीर्तीच्या मानाने ही यादी तोकडीच म्हणावी लागेल. पुढे या तबकड्यांवरून मोठ्या, मंद गतीच्या तबकड्या निघाल्या, त्यांवरून फिती आणि चकत्या. आता तर तेच गाणे खिशातल्या यंत्रावर ऐकू येते. परंतु मूळ द्रव्य तेच, मूठभर.

मैफलीत हाच ललत तासभर चाले. विलंबित तीनतालाचे एक आवर्तन वीस सेकंदांचे धरले, तर दोनशे सेकंदांच्या तबकडीत दहाच आवर्तने बसतात. दहा आवर्तनांत अस्थायी मांडावयाची, रागाचे अंग उकलून दाखवावयाचे, अंतरा घ्यावयाचा, ताना घ्यावयाच्या, आणि सुई आतल्या टोकाला पोहोचण्यापूर्वी समेवर येऊन थांबावयाचे. पुष्कळ थोर गवई या कैचीत सापडून घाबरे झालेले तबकड्यांवर ऐकू येतात. अस्थायी संपते न संपते तोच ताना कोसळू लागतात आणि राग कोठला हे कळण्याआधीच ताल थांबतो.

केसरबाईंच्या तबकडीत ही धांदल नाही, हे प्रथम ऐकण्याजोगे. त्यांनी लय किंचित चढवली आहे, विस्तार आटोपता घेतला आहे, परंतु श्वास मैफलीचाच ठेवला आहे. आकार खुला आणि रुंद. तार सप्तकात गेला तरी तो चिरकत नाही, खर्जात उतरला तरी पोकळ होत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली जागा रिकामी सुटत नाही. तान येते ती सरळ पायऱ्या चढत येत नाही. दोन पावले पुढे, एक आड, पुन्हा वळसा, अशी गुंफत येते, आणि तालाचे अंग सतत तिच्याखाली चालू असते. सम येते तेव्हा ती गाठण्यासाठी गायिकेने धाव घेतली असे वाटत नाही; चालता चालता उंबरठा लागावा तशी ती लागते. जयपूर गायकीत आलाप तालाला सोडून फार वेळ हिंडत नाही, बंदिशीच्या आवर्तनातच तो भरला जातो. या शिस्तीमुळेच ती गायकी तीन मिनिटांत मोडत नाही, आखडते मात्र. ज्यांच्या गाण्याचा जीव संथ, सैल आलापात आहे त्यांना तबकडीने अधिक लुटले.

तरीही आखडले ते आखडलेच. मैफलीत रंग चढावयास जो वेळ लागतो, एकच जागा तिसऱ्यांदा निराळ्या वजनाने येते तेव्हा श्रोत्यांच्या तोंडून जी दाद निघते, ते तबकडीत नाही. तबकडीतला ललत खरा आहे, पण तो घराचा नकाशा खरा असतो तसा. त्यावरून दालने किती हे समजते, ऊन कोणत्या वेळी कोठे पडते हे समजत नाही.

मग त्यांनी अधिक का गाऊन ठेवले नाही? केसरबाईंविषयी सर्वत्र असे सांगतात की मैफलीत ध्वनिक्षेपक त्यांना खपत नसे आणि कोणी यंत्र लावून आपले गाणे टिपून घ्यावे हे तर मुळीच नाही. १९६३-६४च्या सुमारास, आवाज पूर्वीसारखा राहिला नाही असे वाटताच, त्यांनी जाहीर गाणेही थांबविले. याला हट्ट म्हणणारे पुष्कळ आहेत. पण ज्या बाईने पाच उस्तादांच्या दारी विद्या वेचली, एकेक राग वर्षानुवर्षे घोटला, तिने तो कोणाही अनोळखी माणसाच्या दिवाणखान्यात, त्याच्या पानसुपारीच्या गप्पांच्या साथीला, वाजू द्यावा असे का वाटावे? समोर बसणारा श्रोता कोण हे ठरविण्याचा हक्क गायकाचा, असे त्यांचे मत दिसते. आणि गाणे हे ज्यांचे पिढीजात निर्वाहाचे साधन, त्यांनी ते फुकट वाटू नये यातही काही वावगे नाही. त्यांचे म्हणणे न्यायाचे होते. त्याची किंमत मात्र पुढच्या पिढ्यांनी भरली. भर उमेदीतल्या केसरबाईंचा अखंड तासाभराचा एक राग चांगल्या यंत्रावर उतरला असता, तर आज घराण्याच्या नावावर जे वाद चालतात त्यांतले निम्मे आपोआप मिटले असते.

वझेबुवांनी निराळा उपाय केला. ‘संगीत कलाप्रकाश’ या ग्रंथात त्यांनी चिजा स्वरलिपीसह छापून ठेवल्या आणि आपली हकीकतही लिहिली. कागदाला मिनिटांची मर्यादा नाही हे खरे. पण मींड कागदावर उतरत नाही, आणि ज्याने चीज कोणाच्या तरी तोंडून ऐकलेली नाही त्याला लिपी अर्धीच वाचता येते.

या साऱ्या कृपणतेवर दैवाने केलेली कुरघोडी १९७७ सालची आहे. त्या वर्षी २० ऑगस्ट आणि ५ सप्टेंबर रोजी अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने दूरच्या ग्रहांकडे धाडली. प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली बारा इंची तांब्याची तबकडी आहे. पंचावन्न भाषांतील अभिवादने तिच्यावर आहेत, त्यांत मराठीही आहे. आणि साऱ्या जगातून निवडलेले सुमारे दीड तासाचे संगीत आहे. बाख, बेथोव्हन, मोझार्ट यांच्याबरोबर चक बेरी या अमेरिकन गवयाचे ‘रॉक’ वळणाचे गाणे आहे, आणि भारतातून एकच नग: केसरबाईंची भैरवी, ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटे. कार्ल सेगन यांच्या समितीला तिची शिफारस रॉबर्ट ब्राउन या संगीतशास्त्रज्ञाने केली होती. तबकडी शोधता शोधता न्यूयॉर्कमधील एका हिंदी वस्तूंच्या दुकानात पत्त्यांच्या टेबलाखाली खोक्यात तिच्या प्रती मिळाल्या. दुसरे यान निघाल्यावर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर रोजी, केसरबाईंनी देह ठेवला.

मैफल भैरवीने संपवावयाची हा आपल्याकडील परिपाठ. अंतराळात गेली ती नेमकी मैफल संपविणारी भैरवी, आधीचा ललत-तोडीचा पसारा येथेच राहिला. ज्या बाईने परक्या माणसाच्या यंत्रावर आपला आवाज ठेवण्यास नकार दिला, तिचा आवाज २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडला आणि आज पृथ्वीपासून २,४०० कोटी किलोमीटरांहून दूर आहे. आणखी सुमारे चाळीस हजार वर्षांनी पहिले यान एका परक्या ताऱ्याच्या आसपास, म्हणजे दीड-पावणेदोन प्रकाशवर्षांच्या अंतरावरून जाईल. अमेरिकन शास्त्रज्ञ धोरणी खरे. त्यांनी तबकडीबरोबर सुईही दिली आहे, आणि ती किती वेगाने फिरवावी हेही आवरणावर आकृत्यांनी कोरले आहे.

वेगाची ही दक्षता आपल्या घरातही घेण्यासारखी आहे. ७८ फेऱ्यांची तबकडी ८२-८३ फेऱ्यांनी फिरली तर षड्ज जवळजवळ अर्धा स्वर चढतो, आवाज कोवळा आणि तान उगाच चपळ होते; किल्ली उतरत आलेल्या यंत्रावर उलट प्रकार होऊन पट्टीची गायिका घोगरी होते. आज जी गाणी यंत्रायंत्रांतून फिरतात त्यांतली कित्येक अशाच चुकीच्या वेगाने उतरवून घेतलेली आहेत, आणि ती ऐकून केसरबाईंचा आवाज ‘बारीक’ होता असे सांगणारे रसिक भेटतात. एकाच तबकडीच्या दोन-तीन प्रती मिळत असतील तर त्या लागोपाठ ऐकाव्या. जिच्यात आकार सर्वांत रुंद आणि तबल्याचा बाया भरीव लागतो ती बहुधा मूळ वेगाच्या जवळची असते. आरंभ देसीने करावा. ललत पहाटेसाठी राखून ठेवावा.