सोळा कोअर, एकच कुलूप

दहा जीबीची एक व्हिडिओ फाईल कॉपी व्हायला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ तेवढ्याच वजनाच्या लाखभर चिल्लर फाईल कॉपी व्हायला लागतो. आपण डिस्कच्या नावाने बोटे मोडतो. पण अशा वेळी डिस्क अनेकदा हातावर हात ठेवून बसलेली असते. वेळ खातात त्या नोंदी.

रिकामी फाईल तयार करायची म्हटली तरी बरेच सोपस्कार असतात. लिनक्सच्या ‘एक्स्ट-४’ या फाईल सिस्टिममध्ये आधी मोकळा आयनोड शोधावा लागतो. आयनोड म्हणजे सहसा २५६ बाइटची एक नोंद: मालक कोण, परवानग्या कोणत्या, मजकूर डिस्कवर कुठे. तो मिळाला की ‘भरला’ अशी खूण करायची, फोल्डरमध्ये फाईलचे नाव चढवायचे आणि मध्येच वीज गेली तर अर्धवट काही राहू नये म्हणून हे सगळे जर्नलमध्येही टिपायचे.

आता सर्व्हरला १६ कोअर आहेत आणि १६ थ्रेड एकाच फोल्डरमध्ये फाईल तयार करताहेत, असे समजा. काम सोळापट वेगाने व्हावे ही अपेक्षा फोल होते, कारण नाव चढवताना लिनक्स अख्ख्या फोल्डरला कुलूप लावते. कचेरीत कारकून सोळा, आवक-जावक नोंदवही मात्र एकच, तशातली गत.

कुलूप लावण्यामागे आळस नाही. एका फोल्डरमध्ये एका नावाच्या दोन फाईल असणार नाहीत, ही फाईल सिस्टिमची हमी असते. ‘हे नाव आधी आहे का’ हे पाहणे आणि ते लिहिणे यांच्यामध्ये दुसरा थ्रेड घुसला की ती मोडते. २०१६ मध्ये लिनक्सच्या ४.७ आवृत्तीत अल व्हायरो यांनी या कुलपाचा स्वभाव बदलला. नाव शोधणारे अनेक जण एकाच वेळी आत जाऊ लागले; नवे नाव लिहिणाऱ्यांची रांग मात्र तशीच राहिली.

गर्दी आयनोडच्या हिशेबातही होते. सिलिकॉन ग्राफिक्सने १९९० च्या दशकात घडवलेल्या ‘एक्सएफएस’ या फाईल सिस्टिमने यावर वाटणीचा मार्ग काढला. डिस्कचे अनेक गट पाडले आणि प्रत्येकाला मोकळ्या जागेचा व आयनोडचा स्वतंत्र हिशेब दिला. नवे फोल्डर वेगवेगळ्या गटांत जातात, फाईल शक्यतो आपल्या फोल्डरच्याच गटात राहतात. त्यामुळे निरनिराळ्या फोल्डरांत लिहिणारे थ्रेड एकमेकांच्या वाटेत फारसे येत नाहीत. सगळ्यांचे बदल टिपणाऱ्या जर्नलचा अडथळा मात्र उरला होता. २०१० मध्ये डेव्ह चिनर यांच्या कामातून आलेल्या पद्धतीत, फोल्डरचा एकच भाग शंभरदा बदलला तरी ते बदल मेमरीत साचवून शेवटचे रूप एकदाच जर्नलमध्ये लिहिता येऊ लागले.

एका फोल्डरचा पेच मात्र शिल्लकच होता, आणि महासंगणकांवर तो चांगलाच भोवतो. तिथे हजारो प्रक्रिया एकाच क्षणी, एकाच फोल्डरमध्ये, आपापल्या कामाची प्रत ठेवायला धावतात. महासंगणकांवरच्या ‘लस्टर’ या फाईल सिस्टिमच्या २.२ आवृत्तीने २०१२ मध्ये दिलेले उत्तर मला सर्वांत देखणे वाटते. नावावरून गणिताने एक हॅश काढतात आणि ते नाव फोल्डरच्या कोणत्या कप्प्यात जाणार हे त्यावरून ठरते. एकच नाव नेहमी एकाच कप्प्यात येणार. मग सगळ्या फोल्डरला कशाला, त्या कप्प्यालाच कुलूप लावले तरी हमी शाबूत राहते!

२०११ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील स्वप्निल पाटील आणि गार्थ गिब्सन यांनी मांडलेल्या ‘गिगा-प्लस’ने ही वाटणी अनेक सर्व्हरांवर नेली. फोल्डर फुगला की प्रत्येक सर्व्हर आपला वाटा स्वतःच दुभंगतो, सगळ्यांची परवानगी घेत बसत नाही. मागणाऱ्याजवळचा नकाशा शिळा असेल तर चुकीच्या दारावरचा सर्व्हर तो सुधारून देतो. ३२ सर्व्हरांवर सेकंदाला ९८ हजारांहून अधिक फाईल तयार झाल्या.

फाईल सिस्टिम बदलणे हातात नसेल, तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाही वाटणी करता येते. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे ‘गिट’ आपल्या सुट्या वस्तू हॅशच्या पहिल्या दोन अक्षरांनुसार २५६ फोल्डरांत विभागते. थ्रेडनिहाय वेगळा फोल्डर दिला तरी पुष्कळ भागते. भुर्दंड पडतो तो यादी मागणाऱ्याला: पूर्वी एकदा वाचून होणाऱ्या कामासाठी आता प्रत्येक फोल्डर उघडून नावे गोळा करावी लागतात.